फेलिमीचा पाय

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संगीत मंडळाच्या शाखेचे कार्याध्यक्ष युनन बॉइल, जिल्ह्याच्या सांस्कृतिक खात्यातून एवढा वळणावळणाचा रस्ता सोसून आलेल्या प्रमुख पाहुण्या डिम्फनाबाई, फादर लॉक्री, कार्यकारिणीचे सर्व सभासद, व्यासपीठाच्या मधोमध स्टुलावर पाय ठेवून बसलेल्या आजच्या उत्सवमूर्ती नाब्ला कनियाबाई, आणि मागच्या टेबलावरचं शेवटचं सँडविच संपेपर्यंत जागचे हलणार नाहीत याची मला पुरेपूर खात्री आहे असे माझे मीनाकॅराचे ग्रामस्थहो,

माझ्याकडे आभारप्रदर्शनाचं काम सोपवलं आहे. चिटणिसांनी माझ्या हातात ही चिठ्ठी दिली आहे. त्यात कुणाचे आभार कोणत्या क्रमाने मानायचे ते लिहिलंय आणि खाली रेघ ओढून लिहिलंय, ‘पाच मिनिटं’. गेल्या नऊ वर्षांत मी या हॉलमध्ये चौदा वेळा आभार मानले आहेत. चौदाही वेळा तुम्ही खुर्च्या सरकवत होता आणि बायका चहाच्या किटल्या उचलत होत्या. आभाराचं भाषण कुणी ऐकत नाही, म्हणून ते नेहमी कॉन्डी गिलेस्पीला द्यायचं असतं. आज मात्र ऐकावं लागेल. किटली खाली ठेवा, मेरी. चहा निवला तर निवू दे.

सुरुवात चांगल्या शब्दांनी करायची म्हणून अध्यक्षांच्या भाषणापासूनच करतो. भाषण सुंदर झालं. युननच्या घराण्यात चांगलं बोलायची परंपराच आहे. गावात कुणीही गेलं की त्याच्याबद्दल चार गोड शब्द सांगायचे आणि मग त्याच दुकानातून शवपेटी विकायची, हा त्यांचा तीन पिढ्यांचा धंदा. आजही त्याने चार गोड शब्द सांगितले. चव्वेचाळीस वर्षं दर मंगळवारी नाब्लाबाईंनी या हॉलमध्ये फिडल शिकवलं, असं तो म्हणाला. शहरातले त्याला व्हायोलिन म्हणतात. खरं आहे. आपल्या खोऱ्यात ज्याला ज्याला गज धरता येतो त्याला तो त्यांनी धरायला शिकवला, असंही म्हणाला. तेही खरं. आणि मग म्हणाला, ‘आता वयोमानानुसार त्या स्वेच्छेने विश्रांती घेत आहेत.’

स्वेच्छेने. युनन, मी तुझ्या शेजारीच बसलो होतो. इच्छा कुणाची, ते तू सांगितलं नाहीस. मी सांगतो.

पण त्याआधी पाहुण्यांसाठी थोडं मागचं सांगायला हवं. डिम्फनाबाई, तुम्ही मघाशी म्हणालात की ‘सेल्टिक संगीताचा अमूल्य वारसा’ जपला पाहिजे. आमच्या दारावरच्या पोस्टरवरही तेच लिहिलंय, ‘सेल्टिक संगीत संध्या’, हिरव्या अक्षरांत. ते पोस्टर लागलं तेव्हा नाब्लाबाईंनी त्यांच्या वर्गातल्या बार्नीला विचारलं होतं, ‘हा सेल्टिक कोण? आपल्या गावचा आहे का?’ तुम्ही हसलात. हसा. पण बाईंचं म्हणणं असं की कुठलीही चाल कुणाची तरी असते. वारशाची नसते. आपल्या आयर्लंडात क्लेअरकडची माणसं निवांत वाजवतात, स्लायगोकडची नक्षी काढत वाजवतात, आम्ही डोनेगलच्या या टोकाला एकेका सुराला एकेक गज मारून खडखडीत वाजवतो. नाचणाऱ्याच्या खिळ्यांच्या बुटांवरून ऐकू जायला हवं ना. आणि त्यातही या खोऱ्यातलं वाजवणं डोंगरापलीकडच्यांना पटत नाही. हे सगळं एका हिरव्या पोस्टरात कोंबायचं म्हणजे गावातल्या सगळ्यांना एकच कोट घालायला देण्यासारखं आहे. कुणाला तरी तो आखूड होणारच.

मी नऊ वर्षांचा असताना आईने मला डझनभर अंडी देऊन बाईंकडे पाठवलं. बाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या. त्यांच्या स्वयंपाकघरात गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. कागद नाही, वही नाही. त्या एक तुकडा वाजवायच्या, आपण वाजवायचा. चुकलं तर रागावायच्या नाहीत, फक्त म्हणायच्या, ‘पुन्हा.’ मी त्या एका शब्दाला जितका भ्यायलो तितका पुढे कुणाला भ्यायलो नाही. पण एका गोष्टीला मात्र माफी नव्हती. वाजवायच्या आधी त्या विचारायच्या, ‘हे कुणाचं?’ मग आपण सांगायचं: अमक्याकडून तमक्याकडे, तमक्याकडून तुमच्याकडे, तुमच्याकडून माझ्याकडे. मधलं एक नाव विसरलं की फिडल परत पेटीत. मी एकदा एक नाव विसरलो आणि अंड्यांची रिकामी टोपली घेऊन रडत घरी गेलो. आई म्हणाली, ‘बरं झालं. उद्या मलाही विसरशील.’

तर त्या स्वयंपाकघरात शिकलेली एक चाल आहे, ‘फेलिमीचा पाय’. तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पाहुण्यांना नसेल.

फेलिमी हीकिन हा आमच्या खोऱ्यातला माणूस. सगळ्यांसारखाच तोही बटाटे काढायच्या हंगामाला स्कॉटलंडला जायचा. तिथे एका वर्षी गाडीचं चाक त्याच्या पायावरून गेलं. पाय वाचला, पण गुडघ्यात वाकेना. काठीसारखा ताठ. येताना त्याने तो पाय आणला आणि एक हायलँड आणली, तिकडची जोडीच्या नाचाची चाल. नाब्लाबाईंचे आजोबा टर्लक कनिया, त्यांना ती त्याने शिट्टीवर ऐकवली. हिवाळ्यात नाच व्हायचा तो टर्लकच्या स्वयंपाकघरात. स्वयंपाकघर एवढंसं, एका वेळी दोन जोडपी मावायची आणि चालीच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी ती चुलीपाशी वळायची. आणि चुलीपाशी कोण बसलेलं असायचं? फेलिमी. पाय पसरून. आखडणार कुठून? तो वाकतच नव्हता.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी काय करतात? मागे सरक म्हणतात. दाराशी बस म्हणतात. फेलिमी स्वतःच दाराशी जाऊन बसायला निघाला होता म्हणे, वाऱ्यात. टर्लकने गज थांबवला नाही. दुसऱ्या भागाच्या शेवटी त्याने दोन मात्रा वाढवल्या. एवढंच. दोन मात्रा म्हणजे दोन पावलं. त्या दोन पावलांत जोडपं फेलिमीच्या पायाला वळसा घालून पुढे जायचं. फेलिमी चुलीपाशीच राहिला. अठरा हिवाळे राहिला. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आमच्या गावाने एकदा तरी पाय पाहून अंथरूण वाढवलं होतं.

फेलिमी गेला, टर्लक गेले, त्या घराचा आज मेंढ्यांचा गोठा झालाय. दोन मात्रा राहिल्या. टर्लककडून बाईंच्या वडिलांकडे, वडिलांकडून बाईंकडे, बाईंकडून माझ्याकडे. बाहेरचा माणूस ऐकतो आणि म्हणतो, चाल वाकडी आहे. वाकडी नाही, महाराज. ती वळसा घालते.

युनन, घड्याळाकडे बघू नकोस. पाच मिनिटं झाली, मला माहीत आहे. सहावं लागलंय.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात याच हॉलमध्ये विभागीय स्पर्धा झाली. बाईंनी सहा जणांचा गट उतरवला. ब्रेडची गाडी चालवणारा बार्नी, टपाल वाटणारी सीमस हॉहीची सून, आणि चार शाळकरी पोरं. नाब्लाबाई स्पर्धांच्या भानगडीत कधी पडल्या नव्हत्या. शाखेनेच गळ घातली, आपल्या गावात स्पर्धा आणि आपला गट नाही हे बरं दिसत नाही म्हणून. परीक्षक दोन होते. मुख्य परीक्षक बाहेरचे होते. दुसरा परीक्षक डब्लिनला राहून, परीक्षा देऊन, परीक्षकाचा दाखला मिळवून गावी परत आलेला एक सुशिक्षित गृहस्थ होता. तो तुमच्यासमोर उभा आहे.

बार्नी उठून उभा राहिला. नियमाप्रमाणे चालीचं नाव सांगायचं असतं. बार्नी बाईंचा शिष्य. तो म्हणाला, ‘फेलिमीचा पाय. फेलिमी हीकिनकडून टर्लक कनियांकडे, टर्लककडून...’ आणि मी त्याला मध्येच तोडलं. मी म्हणालो, ‘फक्त नाव सांगा, वेळ कमी आहे.’ बार्नी, तू तिथे दाराशी उभा आहेस. तू माझ्याकडे तेव्हा कसं पाहिलंस, ते मला रोज दाढी करताना आठवतं.

ते वाजवायला लागले. दुसरा भाग आला, दोन मात्रा आल्या. मुख्य परीक्षकांनी भुवई उचलली. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा ते माझ्याकडे झुकले आणि म्हणाले, ‘यांना मोजता येत नाही का?’

माझ्या तोंडात उत्तर होतं. ज्या चुलीपाशी ती गोष्ट ऐकली ती चूल माझ्या डोळ्यांसमोर होती. मला एवढंच म्हणायचं होतं की हे असंच आहे, आमच्याकडे असंच वाजवतात. आणि मी काय केलं? मी हसलो. ग्रामस्थहो, मी त्यांच्याबरोबर हसलो. मला वाटलं, मी बोललो तर हाही त्यातलाच, हाही खेडवळ, असं होईल. डब्लिनचा दाखला जाईल. आणि मग मी पेन उचललं आणि गुणपत्रिकेवर लिहिलं, ‘दुसऱ्या भागात दोन मात्रा अधिक. गट तालातून घसरला. चाल तपासून शिकवावी.’ खाली सही. कॉन्डी गिलेस्पी. अक्षर माझं चांगलं आहे, सगळ्यांना वाचता आलं.

गट शेवटून पहिला आला. बार्नीने सहा महिने फिडलची पेटी उघडली नाही.

पुढच्या मंगळवारी बाई मला ब्रेडच्या गाडीपाशी भेटल्या. मी दुसरीकडे बघायला लागलो. मला वाटलं, आता सगळा राग माझ्यावर निघणार. निघायला हवा होता. त्यांनी पाव घेतला, पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, ‘कॉन्डी, एवढंच सांग. आता फेलिमीला बसवू कुठं?’

मी पाव न घेताच घरी वळलो. उत्तर आज दोन वर्षांनी देतोय, तेही आभाराच्या भाषणात.

आता कार्यकारिणीकडे वळतो. तुम्ही म्हणाल, चूक कॉन्डीची, मग आमच्यावर का घसरतो? घसरणार. माझ्या त्या तीन ओळींचं तुम्ही काय केलंत? पोरांना चुकीचं शिकवतात म्हणून पालकांच्या दोन तक्रारी आल्या. त्यावर तुम्ही शाखेचं पुस्तक छापलंत. चाळीस चाली, गुळगुळीत कागद, सगळ्या चाली मोजून मापून नीट केलेल्या. त्यात पृष्ठ सत्तावीसवर ‘फेलिमीचा पाय’, दोन मात्रा कापून. आणि ते पुस्तक बाईंच्या हातात दिलंत की यापुढे असं शिकवा. चाल ज्यांच्या घरात जन्मली त्यांना चाल शिकवलीत. तुमच्यापैकी तिघांना गज धरायला या बाईंनीच शिकवलं. त्यांनी तुमचं काय घोडं मारलं होतं?

त्या सभेला मी होतो. युनन म्हणाला, ‘बाई, दोन मात्रांनी असं काय बिघडतं?’ बाई म्हणाल्या, ‘युनन, तू शवपेट्या करतोस. पेटी दोन इंच आखूड झाली तर माणसाचे पाय कापतोस का?’ सगळे हसले. युननही हसला. मग सगळ्यांनी हात वर करून पुस्तक मंजूर केलं. माझाही हात वर होता. बाईंनी पुस्तक घरी नेलं आणि त्यावर चहाची किटली ठेवायला लागल्या. आणि मंगळवारी पूर्वीसारखंच विचारत राहिल्या, ‘हे कुणाचं?’

तेव्हा तुमच्या लक्षात आलं की ही बाई वाकणारी नाही. आणि मग फेब्रुवारीत देवच तुमच्या मदतीला आला. बाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. ऐंशीचं वय. सुंठीवाचून खोकला गेला.

तरी तो पुरता गेला नव्हता. एप्रिलमध्ये बाईंनी निरोप पाठवला की मी बरी आहे, बसून शिकवू शकते, फक्त हॉलच्या पाच पायऱ्या चढवत नाहीत. मागच्या बाजूची खोली जमिनीलगत आहे, ती मंगळवारचा एक तास द्या. तुम्ही म्हणालात, तिथे सेल्टिक संध्येचे ध्वनिक्षेपक ठेवले आहेत, ते हलवता येत नाहीत. बार्नी म्हणाला, मी एका शनिवारात पायऱ्यांवर लाकडी उतार करून देतो, फळ्या माझ्या. तुम्ही म्हणालात, विम्याची अडचण आहे. मी म्हणालो, विमा कंपनीला विचारलंत का? तुम्ही म्हणालात, विचारायची गरज नाही, अडचण आहेच. आणि मग त्यांच्या घरी पत्र गेलं, ‘आपल्या प्रकृतीची आम्हाला काळजी वाटते’. काळजी. आणि आज हा समारंभ. स्वेच्छेने.

या पाच पायऱ्या बाई आज कशा चढल्या? चौघांनी खुर्चीसकट उचलून आणलं. निरोप द्यायला चौघं मिळाले. शिकवायला आणायला सबंध उन्हाळ्यात एक मिळाला नाही. युनन, उचलायची तुला सवय आहे हे मान्य, पण जिवंत माणसाला उचललंस की तो काय म्हणतो तेही ऐकायचं असतं.

आणि तुम्ही, समोर बसलेले. माना खाली घालू नका. या हॉलमध्ये आज दीडशे माणसं आहेत. निम्मी तरी बाईंच्या हाताखालून गेलेली आहेत. पत्र गेलं तेव्हा गावभर माहीत होतं. पावाच्या रांगेत हळहळलात, चर्चच्या दारात हळहळलात, माझ्यासकट. आणि मग घरी जाऊन मूग गिळून बसलात. एकानेही कार्यकारिणीला एक ओळ लिहिली नाही. लिहिली असेल तर हात वर करा. बार्नी, तू खाली ठेव, तुझं मला ठाऊक आहे.

मी हे सगळं आज बोलणार नव्हतो. खरं सांगतो. चिठ्ठीप्रमाणे आभार मानून घरी जाणार होतो, मनात कुढत, जसा दोन वर्षं जातोय. पण मघाशी चहाच्या खोलीत गेलो. तिथे टेबलावर हे मानचिन्ह ठेवलं होतं. काचेचं आहे, जड आहे, सुंदर आहे. मी कागद सोडून पाहिलं, त्याबद्दल क्षमस्व. वर बाईंचं नाव कोरलंय, खाली चव्वेचाळीस वर्षं. आणि त्याखाली, कुणाची कल्पना होती माहीत नाही, प्रेमाचीच असणार, बाईंच्या लाडक्या चालीची स्वरलिपी कोरली आहे. दुसरा भाग. मी उभा राहून मोजल्या. पुन्हा मोजल्या. पृष्ठ सत्तावीस. दोन मात्रा नाहीत.

चिटणिसांना मी दाखवलं. ते वाईट माणूस नाहीत. ते माझ्या कानात म्हणाले, ‘कॉन्डी, जाऊ दे ना. त्यांना स्वरलिपी वाचता येत नाही. त्यांना कळणार नाही.’

हे ऐकलंत? त्यांना कळणार नाही. ज्या बाईला या चालीतला श्वासही ठाऊक आहे, तिच्या भिंतीवर आपण कापलेली चाल काचेत कोरून टांगणार, आणि ती आपल्याला धन्यवाद म्हणणार. उद्या तिची नात ते वाचायला शिकेल आणि म्हणेल, आजी, तू चुकीचं वाजवतेस, तुझ्याच मानचिन्हावर बघ. पुस्तक किटलीखाली ठेवता येतं. काच कुठे ठेवायची? फेलिमीचा पाय त्या चाकाखालून वाचला होता. आपण तो इथे, या हॉलमध्ये, टाळ्यांच्या गजरात कापतोय.

आणि आत्ता, अर्ध्या तासापूर्वी, आणखी एक गोष्ट घडली. तुमचं लक्ष नसेल. डिम्फनाबाई पुष्पगुच्छ द्यायला आल्या. व्यासपीठ अरुंद, बाईंचा पाय स्टुलावर पसरलेला. डिम्फनाबाई, तुमचा काही दोष नाही, तुम्ही थांबला होता. पण नाब्लाबाई म्हणाल्या, ‘माफ करा हं, माझा पाय मध्ये आलाय,’ आणि त्यांनी तो ओढून घ्यायचा प्रयत्न केला. मी शेजारी होतो. त्यांच्या तोंडावर कळ उठलेली मी पाहिली. ऐंशी वर्षांच्या बाईंनी आपल्याच निरोप समारंभात, आपल्याच हॉलमध्ये, आपल्याच पायाची माफी मागितली. टर्लक कनियांच्या नातीने.

त्या क्षणी मी ही चिठ्ठी चुरगाळली.

आता जे माझ्या हातात आहे तेवढं करतो. हे परीक्षकपदाच्या राजीनाम्याचं पत्र, मघाशी चहाच्या खोलीत सँडविचच्या कागदावर लिहिलं. अक्षर यावेळी बरं नाही. युनन, ते तुझ्याकडे देतो, पुढे पाठव. त्यात लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी मीनाकॅराच्या गटाला दिलेला शेरा खोटा होता आणि तो लिहिणाऱ्याला तो खोटा असल्याचं माहीत होतं. हे मानचिन्ह मी बाईंना देणार नाही. ते परत जाईल, बरोबर कोरून येईल. तोवर बाईंच्या भिंतीवर काही नसलं तरी चालेल. आणि येत्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता वर्ग माझ्या स्वयंपाकघरात. माझ्या दाराला पायरी नाही. ज्यांना पुस्तक शिकायचंय त्यांनी इथे यावं, हॉल मोठा आहे. ज्यांना ‘हे कुणाचं’ याचं उत्तर द्यायचंय त्यांनी तिकडे यावं. बाई, तुम्हाला विचारलं नाही, हे खरं. तुमच्याबाबतीत आजवर कुणीच काही विचारलं नाही, म्हणून मी तरी विचारतो. याल का?

ग्रामस्थहो, बाईंनी मान हलवली ती तुम्ही पाहिलीत. होय ना? मग लिहून घ्या, चिटणीस. ही स्वेच्छा.

आता आभार. मला दिलेलं काम मी टाळणार नाही. अध्यक्षांचे आभार, त्यांनी मला मध्येच खाली बसवलं नाही, हातात घंटा असूनही. युनन, हे मी मनापासून म्हणतो. डिम्फनाबाईंचे आभार, त्या फुलं घेऊन वाट पाहत थांबल्या. फादरांचे आभार, हॉलसाठी. चहावाल्या मंडळींचे आभार, चहा निवला त्याबद्दल क्षमाही. बार्नीचे आभार, ज्या फळ्या अजून त्याच्या गाडीत पडून आहेत त्यांच्यासाठी. बोलण्याच्या भरात कुणाला टोचलं असेल, मानपानात कमी-जास्त झालं असेल, एखादं नाव गळलं असेल, तर पोटात घाला. एकच चूक पोटात घालू नका, ती गुणपत्रिकेवरची. तिची माफी मी आज मागत नाही. मंगळवारी गुडघ्याला गुडघा लावून बसेन, पहिल्यापासून वाजवेन, आणि बाई म्हणतील, ‘पुन्हा.’

बार्नी, बाईंची पेटी वर आण. पुढच्या तीन रांगांनी उठून खुर्च्या भिंतीशी लावा. व्यासपीठावरच्यांनीही. जोड्या करा, युनन तूही ये, नाचता येतं तुला, तुझ्या लग्नात मी पाहिलंय. बाईंची खुर्ची उचलून खाली आणू, हॉलच्या मधोमध ठेवू, आणि स्टूलही तिथेच. चाल फेलिमी हीकिनकडून टर्लक कनियांकडे, टर्लककडून बाईंच्या वडिलांकडे, त्यांच्याकडून नाब्लाबाईंकडे, आणि त्यांच्याकडून आपणा सगळ्यांकडे.

बाई, सुरू करा. आणि पाय आवरू नका. आहे तिथेच राहू द्या. आम्ही वळसा घालतो.